आज हाड कुठे बनतंय? एफओपी आणि फ्लोराइडचा पेट स्कॅन

एफओपी झालेल्या माणसाच्या शरीरात स्नायूंच्या जागी हाड तयार होतं. आजाराचं पूर्ण नाव फायब्रोडिस्प्लेझिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा. जिथे मांस, कंडरा आणि अस्थिबंध असायला हवेत तिथे हाडाच्या पट्ट्या आणि पत्रे उभे राहतात, सांधे एकेक करून जखडतात, आणि एकदा झालेलं हाड आपोआप नाहीसं होत नाही. शस्त्रक्रियेने काढायला जावं, तर त्या जखमेतून आणखी हाड उगवतं. साधारण दहा ते वीस लाख माणसांत एखाद्यालाच हा आजार असतो. जगभरात निदान होऊन नोंद झालेले रुग्ण हजाराच्या आतबाहेर आहेत.

हे म्हणजे कॅल्शियमचा थर साचणं नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली हे हाड नेहमीच्या हाडासारखंच दिसतं. त्यात मज्जा असते, रक्तवाहिन्या असतात, जुना भाग झिजून नवा भरण्याचं कामही चालू असतं. हाड म्हणून त्यात काही खोट नाही, फक्त ते नको तिथे तयार झालेलं असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे स्कॅन वाचताना ती फार कामाला येते.

आजाराची खूण जन्मतःच दिसते आणि बहुतेक वेळा कुणाच्या लक्षात येत नाही. बाळाच्या दोन्ही पायांचे अंगठे आखूड असतात आणि बाकीच्या बोटांकडे वळलेले असतात. पुढची काही वर्षं मूल इतर मुलांसारखंच वाढतं. मग कधीतरी, बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांत, डोक्यावर, मानेवर किंवा पाठीवर अचानक सूज येते. लालसर, गरम, दुखरी. अशा सुजेच्या झटक्याला डॉक्टर फ्लेअर-अप म्हणतात. झटका ओसरतो, पण पुष्कळदा मागे हाड ठेवून जातो. आजाराची वाटचालही बरीचशी ठरलेली असते: आधी पाठ आणि मान, मग हातपाय, आधी खांदा आणि कंबर, मग कोपर, गुडघा आणि पुढचे सांधे. जीभ, डोळे फिरवणारे स्नायू, हृदय आणि श्वासपटल मात्र सुटतात. तिशीच्या सुमारास बहुतेकांना चाकाच्या खुर्चीचा आधार लागतो. छातीचा पिंजरा जखडत गेल्यामुळे श्वासाचे विकार जडतात आणि पुष्कळदा मृत्यूचं कारणही तेच ठरतं.

आता त्या पहिल्या सुजेकडे परत जाऊ. लहान मुलाच्या पाठीवर झपाट्याने वाढणारी गाठ पाहिली की डॉक्टरांना कर्करोगाची शंका येते, आणि तशी ती यायलाही हवी. शंका आली की गाठीचा तुकडा काढून तपासणं, म्हणजे बायोप्सी, हा नेहमीचा रस्ता. एफओपीमध्ये हाच रस्ता धोक्याचा आहे. स्नायूला झालेली कुठलीही इजा, म्हणजे पडणं, दंडात घेतलेलं स्नायूतलं इंजेक्शन, दातांच्या उपचारासाठी जबड्यात खोलवर दिलेली भूल, बायोप्सीची सुई, नव्या झटक्याला निमंत्रण ठरू शकते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात १३८ रुग्णांची माहिती गोळा केली होती. त्यातल्या ८७ टक्के रुग्णांचं आधी चुकीचं निदान झालं होतं, ६७ टक्के रुग्णांवर गरज नसलेल्या, शरीरात शिरून कराव्या लागणाऱ्या तपासण्या किंवा प्रक्रिया झाल्या होत्या, आणि ४९ टक्के रुग्णांनी आपली हालचाल त्यामुळे कायमची कमी झाल्याचं सांगितलं होतं. हे आकडे मला फार अस्वस्थ करतात, कारण त्या मुलांच्या पायांचे अंगठे कुणी पाहिले असते तर यातलं पुष्कळसं टळलं असतं.

आजाराचं मूळ २००६ साली सापडलं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आयलीन शोर, फ्रेडरिक कॅप्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसीव्हीआर१ या जनुकातला दोष शोधून काढला. हे जनुक पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन तयार करतं आणि हाड बनवण्याचा संदेश ते प्रथिन पेशीच्या आत पोहोचवतं. नेहमीच्या स्वरूपाचा एफओपी असलेल्या जवळजवळ ९७ टक्के रुग्णांत या प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं: २०६व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन. बहुतेक वेळा आईवडिलांपैकी कुणालाही हा दोष नसतो, मुलातच तो नव्याने उद्भवतो. २०१५ मध्ये आणखी एक दुवा सापडला. ॲक्टिव्हिन ए नावाचं एक प्रथिन आपल्या सगळ्यांच्या शरीरात असतं. निरोगी माणसात ते या संदेशवाहक प्रथिनाला बिलगतं, पण त्यातून हाडाचा संदेश जात नाही. एफओपीमध्ये मात्र बदललेलं प्रथिन त्यालाच हाड बनवण्याचा हुकूम समजतं. इजा आणि दाह होतो तिथे ॲक्टिव्हिन ए वाढतं, त्यामुळे साध्या धक्क्यातून हाड का उगवतं याचं बरंचसं उत्तर इथे मिळतं.

जनुक कळलं, संदेश कळला, औषधांच्या वाटा दिसू लागल्या. पण औषध लागू पडतंय की नाही हे मोजायचं कसं, हा प्रश्न उरला. अणुवैद्यकाचं, म्हणजे न्यूक्लिअर मेडिसिनचं काम इथून सुरू होतं.

अडचण अशी आहे की सूज आणि हाड यांचा हिशेब जुळत नाही. सुजेपासून हाडापर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो. आधी दाह, मग स्नायूचा नाश, मग त्या जागी तंतुमय ऊती, मग कूर्चा, आणि शेवटी त्या कूर्चेची जागा घेणारं हाड. गर्भात आपली बहुतेक हाडं जशी तयार होतात तसंच हे घडतं. पण प्रत्येक सूज शेवटच्या टप्प्यापर्यंत जात नाही. काही वाटेतच विरून जातात. उलट काही ठिकाणी सूज नाही, दुखणं नाही, रुग्णाला पत्ताही नाही, आणि हाड मात्र वाढत राहतं. म्हणजे रुग्णाला विचारून भागत नाही, हाताने चाचपून भागत नाही, आणि तुकडा काढून बघायची तर सोयच नाही.

मग सीटी स्कॅन करावा. करतातच, आणि तो उपयोगीही आहे: अंगात जास्तीचं हाड किती घन सेंटिमीटर आहे हे सीटीवरून चांगलं मोजता येतं. पण त्यात दिसतं ते झालेलं हाड. पुरेसं खनिज भरल्याशिवाय सीटीला काही दिसत नाही, आणि हाड दिसलं तरी ते कालचं की दहा वर्षांपूर्वीचं, त्याचं काम थांबलंय की चालू आहे, हे त्यातून नीट कळत नाही. बांधकामाच्या जागेचा फोटो काढला तर किती भिंती उभ्या आहेत ते कळतं, पण आज गवंडी कुठल्या भिंतीवर काम करतायत ते कळत नाही. सीटीचं तसं आहे. फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात एफओपी झालेल्या हॅरी ईस्टलॅक यांचा सांगाडा ठेवलेला आहे. ते १९७३ साली, वयाच्या चाळिशीला पोहोचण्याआधीच गेले, आणि आपला देह संशोधनासाठी देऊन गेले. पाठीवरून पसरलेले हाडाचे पत्रे, हाडाहाडांना सांधणाऱ्या पट्ट्या, जखडलेला जबडा, सगळं त्या सांगाड्यात स्पष्ट दिसतं. एफओपीच्या अभ्यासकांना त्याने खूप शिकवलं. पण कुठला पत्रा कधी सुरू झाला आणि कधी थांबला, हे तो सांगाडा सांगू शकत नाही.

काम आज कुठे चाललंय हे विचारायला फ्लोराइड उपयोगी पडतं.

हाडातलं खनिज म्हणजे मुख्यतः हायड्रॉक्सिॲपेटाइट. कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या या स्फटिकात हायड्रॉक्सिल गट असतात. आकाराने आणि विद्युतभाराने फ्लोराइडचा आयन या गटाशी इतका मिळताजुळता आहे की तो सहज त्याची जागा घेतो. दातांना फ्लोराइड का लावतात यामागे हीच रसायनक्रिया आहे. पण अशी अदलाबदल होण्यासाठी दोन गोष्टी लागतात: त्या जागी रक्त पोहोचायला हवं, आणि तिथे खनिजाचा ताजा पृष्ठभाग उघडा हवा. जिथे हाड जोमाने तयार होतंय तिथे दोन्ही भरपूर असतं. म्हणून नसेतून फ्लोराइड दिलं की ते सगळ्या सांगाड्यात जातं, पण बांधकाम चालू असलेल्या जागी जास्त गोळा होतं.

हे फ्लोराइड किरणोत्सारी असलं की त्याचा माग काढता येतो. फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी प्रकार सायक्लोट्रॉन या यंत्रात तयार करतात. ऑक्सिजन-१८ जास्त प्रमाणात असलेल्या पाण्यावर प्रोटॉनचा मारा केला की ऑक्सिजनचं फ्लोरिन होतं. त्याचा अर्धायुकाल ११० मिनिटं, म्हणजे दर ११० मिनिटांनी उरलेल्यापैकी निम्मं संपतं. संपताना ते पॉझिट्रॉन बाहेर टाकतं. पॉझिट्रॉन मिलिमीटरभरसुद्धा जेमतेम जातो, एखाद्या इलेक्ट्रॉनला भिडतो, दोघंही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी गॅमा किरणांचे दोन कण जवळजवळ नेमक्या उलट दिशांना सुटतात, प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे. रुग्णाभोवतीचं शोधकांचं कडं हे दोन कण एकाच क्षणी पकडतं. दोन शोधकांना जोडणाऱ्या रेषेवरच कुठेतरी ते फ्लोरिन होतं, एवढं त्यावरून ठरतं. अशा कोट्यवधी रेषा गोळा झाल्या की संगणक त्यातून चित्र उभं करतो. हा पेट स्कॅन. याच यंत्रात लगेच कमी मात्रेचा सीटी घेतात, म्हणजे उजळलेली जागा शरीरात नेमकी कुठे आहे तेही कळतं.

ही कल्पना मुळीच नवी नाही. हाडांच्या चित्रणासाठी फ्लोरिन-१८ वापरता येईल हे ब्लाउ, नॅगलर आणि बेंडर यांनी १९६२ मध्येच दाखवलं होतं आणि १९७२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यताही दिली होती. पण ते मागे पडलं. त्या काळच्या गॅमा कॅमेऱ्यांचे स्फटिक पातळ होते. ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे कण त्यांतून बरेचसे आरपार निघून जात. त्याच सुमारास टेक्निशियम-९९एम या दुसऱ्या किरणोत्सारी मूलद्रव्यावर आधारलेली द्रव्यं आली. त्यांची ऊर्जा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, कॅमेऱ्यांना अगदी सोयीची. अर्धायुकाल ६ तासांचा, त्यामुळे घाई नाही. आजही साधा बोन स्कॅन सांगितला तर बहुधा टेक्निशियमचाच होतो. पुढे पेटची यंत्रं सर्वत्र झाली आणि २००९ मध्ये टेक्निशियमचा कच्चा माल पुरवणारी कॅनडातली चॉक रिव्हर इथली अणुभट्टी दीर्घकाळ बंद राहिल्याने टेक्निशियमचा जगभर तुटवडा पडला, तेव्हा फ्लोराइडकडे पुन्हा लक्ष गेलं. २०११ साली अमेरिकेत त्याला नव्याने मान्यता मिळाली.

एफओपीसाठी फ्लोराइड मला जास्त योग्य वाटतं, त्याला कारणं आहेत. टेक्निशियमच्या द्रव्याचा बराच भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहतो, म्हणून चित्र घ्यायला दोन ते चार तास थांबावं लागतं. फ्लोराइड फारसं चिकटत नाही. हाडातून रक्त एकदा वाहिलं की त्यातलं जवळजवळ सगळं फ्लोराइड तिथेच उतरतं, आणि तासाभराने रक्तात दिलेल्या मात्रेचा जेमतेम दहावा भाग उरतो. बाकीचं हाडात गेलेलं असतं किंवा लघवीवाटे निघालेलं असतं. त्यामुळे हाड आणि आजूबाजूचं मांस यांतला फरक ठळक दिसतो. शिवाय पेटचं चित्र त्रिमितीय असतं आणि त्यातून आकडा काढता येतो. बरगड्या, खांद्याचं हाड आणि नवी उगवलेली पट्टी हे सगळं एकावर एक आलेलं असताना सपाट चित्रावर भरवसा ठेवता येत नाही.

आता स्कॅनच्या दिवशी काय होतं ते पाहू, कारण या आजारात यंत्राइतकंच महत्त्व त्या तासाभराला आहे. पेटच्या टेबलावर माणूस सपाट झोपेल असं धरूनच ते टेबल बनवलेलं असतं. एफओपीच्या रुग्णाची मान पुढे झुकलेली असू शकते, पाठ एका बाजूला वळलेली, एक हात छातीशी कोपरात जखडलेला, गुडघे अर्धवट वाकलेले. कुठलाही अवयव दाबून सरळ करायचा नाही. म्हणून रुग्ण यायच्या आधीच त्याची ठेवण विचारून घ्यावी लागते: सर्वांत रुंद भाग किती आहे, साधारण ७० सेंटिमीटर व्यासाच्या बोगद्यात तो मावेल का, कुशीवर घ्यावं लागेल का. पाठीखालची पोकळी, मानेमागची फट, कोपराखालची जागा फोमच्या आणि कापडाच्या उशांनी भरून काढायची, म्हणजे कुठल्याही एका हाडावर भार येत नाही. खुर्चीवरून टेबलावर घेताना दोघातिघांनी सावकाश घ्यायचं. पडणं हा या माणसांसाठी नुसता अपघात नसतो, त्यातून पुढचा सांधा जाऊ शकतो.

सुई लावताना लोक थबकतात, ते योग्यच आहे. त्वचेलगतच्या शिरेत नाजूकपणे दिलेलं इंजेक्शन चालतं. दंडाला पट्टा थोडाच वेळ बांधायचा आणि सुई खोल घालायची नाही. स्नायूत इंजेक्शन नाही, धमनीत सुई नाही. या दुसऱ्या अटीमुळे संशोधकांची एक सोय जाते. फ्लोराइड हाडात किती वेगाने शिरतंय हे अचूक काढायचं तर रक्तात ते दर मिनिटाला किती होतं हे माहीत हवं, आणि त्यासाठी एरवी धमनीतून नमुने घेतात. इथे तो मार्ग बंद. त्यामुळे महाधमनीच्या किंवा हृदयाच्या पोकळीच्या पेट चित्रावरूनच रक्तातलं प्रमाण काढतात.

मग थांबायचं, पाणी प्यायचं, आणि चित्र घेण्याआधी मूत्राशय रिकामं करायचं, नाहीतर तिथे साठलेलं फ्लोराइड शेजारच्या कंबरेच्या भागाचं चित्र बिघडवतं. धडधाकट माणसासाठी ही पाच मिनिटांची गोष्ट. ज्याची कंबर आणि गुडघे दोन्ही वाकत नाहीत त्याला उतरवणं, नेणं, आणणं, परत उशा लावणं यात अर्धा तास जातो, आणि तिकडे ११० मिनिटांचं घड्याळ चालूच असतं. जबडा जखडलेला असल्यामुळे गुंगीचं औषध देणंही जोखमीचं. हे सगळं आधी आखलं नसेल तर महागडं यंत्रसुद्धा वाईट चित्र देतं.

किरणोत्साराची भीती वाटणं स्वाभाविक आहे. टोचलेल्या किरणोत्सारी फ्लोरिनचं वजन ग्रॅमच्या एक अब्जांश भागापेक्षाही कमी असतं, त्यामुळे रासायनिक परिणामाचा प्रश्न येत नाही. किरणांची मात्रा मात्र मोजायलाच हवी. मोठ्या माणसात फ्लोराइडमुळे साधारण ३ ते ४ मिलिसिव्हर्ट आणि त्यावर सीटीची मात्रा. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. एका स्कॅनसाठी ही जोखीम थोडी आहे. पण औषधाचा परिणाम बघायला तेच स्कॅन पुनःपुन्हा करायचे असतात, तेव्हा प्रत्येकाची गरज तपासूनच पुढे जावं लागतं.

चित्र हाती आलं की खरं कौशल्य लागतं. उजळपणा मोजण्यासाठी एसयूव्ही हे माप वापरतात. दिलेलं फ्लोराइड सगळ्या शरीरात सारखं पसरलं असतं तर प्रत्येक जागेचं माप १ आलं असतं. एखाद्या जागी १० आलं तर तिथे सरासरीच्या दहापट गोळा झालंय. सुरुवातीला मी सांगितलं होतं की एफओपीचं हाड हे खरंखुरं हाड असतं, त्याचा अर्थ इथे कळतो. जुनी, शांत झालेली पट्टीसुद्धा थोडी उजळते, कारण तिथेही झीज आणि भर चालूच असते, अगदी आपल्या मणक्यांसारखी. म्हणून 'उजळलं म्हणजे आजार चालू' असं म्हणता येत नाही. त्या जागेची तुलना त्याच रुग्णाच्या नेहमीच्या हाडाशी करायची, आणि शांत हाडाहून ती बरीच पुढे गेली असेल तरच तिला सक्रिय म्हणायचं. त्यातही फसगत होते. झिजलेला सांधा उजळतो, भरत आलेलं फ्रॅक्चर उजळतं, जखडलेल्या शरीराचा भार जिथे विचित्र पडतो तिथलं मूळचं हाडही उजळतं. सीटी शेजारी ठेवून एकेक जागा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

आणि अगदी सुरुवातीच्या टप्प्यात हा स्कॅन गप्प राहतो. सूज ताजी आहे, दाह आहे, तंतुमय ऊती वाढतायत, पण खनिज अजून नाही. फ्लोराइडला बसायला जागाच नाही. त्या दिवसांत स्नायूतलं पाणी आणि सूज दाखवायला एमआरआय बरा. फ्लोराइड त्याच्या पुढच्या टप्प्यावर बोलू लागतं, सीटीला ठळक हाड दिसण्याआधी. मधली ही खिडकी लहान असली तरी संशोधनासाठी फार मोलाची आहे.

तिचा पद्धतशीर उपयोग ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठ रुग्णालयात एलिझाबेथ एकहॉफ यांच्या गटाने केला. एफओपीच्या रुग्णांचे फ्लोराइड पेट आणि सीटी काही काळाच्या अंतराने पुन्हा पुन्हा घेऊन त्यांनी २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. झटका आलेल्या ज्या जागेत फ्लोराइड जास्त गोळा झालं, तिथे पुढच्या सीटीत हाड वाढलेलं दिसलं. आणि जिथे रुग्णाची काहीच तक्रार नव्हती अशा काही जागाही सक्रिय निघाल्या. माझ्या मते दुसरा निष्कर्ष पहिल्याहून मोठा आहे. एफओपी हा झटक्यांचा आजार, मधल्या काळात तो झोपलेला असतो, अशी समजूत होती. झटके मोजून औषधाची परीक्षा घ्यायची तर जे हाड न सांगता वाढतं ते हिशेबातच येत नाही. अशा दुर्मीळ आजारात रुग्णसंख्या नेहमीच थोडी, त्यामुळे या निष्कर्षांना मर्यादा आहेत. पण तेच हाड, तेच शरीर, दोन वेळा नीट पाहणं यातून पुष्कळ शिकता येतं.

पुढे हा स्कॅन थेट औषधाच्या चाचणीत उतरला. ॲक्टिव्हिन ए अडवणारं गारेटोस्मॅब हे प्रतिपिंड. त्याच्या ल्युमिना-१ चाचणीत ४४ प्रौढ रुग्ण होते आणि त्यांना दर चार आठवड्यांनी शिरेतून औषध किंवा त्यासारखंच दिसणारं निष्क्रिय द्रावण दिलं गेलं. मोजण्याच्या मुख्य मापांत फ्लोराइड पेट होता: सगळ्या जास्तीच्या हाडांचा आकार आणि उजळपणा यांचा गुणाकार करून एक बेरीज काढायची, आणि २८ आठवड्यांनी ती किती बदलली ते पाहायचं. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. ही बेरीज कमी झाली, पण योगायोग म्हणून सोडून द्यावी लागणार नाही इतकी नव्हे. म्हणजे मुख्य कसोटीवर औषध उतरलं नाही. पण नव्या उगवलेल्या जागा मोजल्या तेव्हा औषध घेणाऱ्यांत त्या सुमारे ९० टक्क्यांनी कमी निघाल्या.

एकाच स्कॅनमधून दोन उत्तरं आली, आणि त्याचं कारण पुन्हा त्या खऱ्याखुऱ्या हाडातच आहे असं मला वाटतं. आधी उभं राहिलेलं हाड आपली झीज-भर चालू ठेवतं, त्याचा उजळपणा बेरजेत येतच राहतो. औषध नवी सुरुवात रोखत असेल तरी जुन्याची ही धुगधुगी विझवत नाही. काय मोजायचं हे चुकलं तर चांगलं औषधही नापास दिसू शकतं. अर्थात सगळं छान झालं असंही नाही. चाचणीच्या पुढच्या, सगळ्यांनाच औषध देण्याच्या टप्प्यात पाच रुग्णांचा मृत्यू झाला. औषधामुळे झाला असं सिद्ध झालं नाही, आणि नाही असंही ठामपणे सांगता आलं नाही. हे त्या ९० टक्क्यांच्या शेजारीच ठेवून वाचायला हवं. पॅलोव्हॅरोटीन या दुसऱ्या औषधाला अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या मुख्य चाचणीत पेट नव्हे, कमी मात्रेचा सीटी घेऊन हाडाचं आकारमान मोजलं होतं. वाढत्या वयाच्या मुलांत त्याने हाडांची वाढ वेळेआधी थांबू शकते, म्हणून ते मुलींना आठव्या आणि मुलांना दहाव्या वर्षानंतरच देतात. युरोपच्या नियामकांनी त्याला मान्यता नाकारली.

घरात एखाद्याला एफओपी असेल, तर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: निदानासाठी या स्कॅनची गरज नाही. अंगठे, सुजेचा इतिहास आणि रक्तातून केलेली जनुकीय तपासणी पुरेशी आहे. फ्लोराइडचा पेट सध्या मुख्यतः संशोधनाचं साधन आहे, आणि क्वचित, एखादी जागा शांत झाली की नाही हे कळल्याने उपचाराचा निर्णय बदलणार असेल, तर उपयोगाचं.

सर्वांत कठीण प्रश्न मुलांचा आहे. या आजाराचं सर्वाधिक नुकसान बालपणात आणि किशोरवयात होतं, म्हणजे औषध लवकर द्यायचं तर ते याच वयात. आणि फ्लोराइड नेमकं याच वयात वाचायला अवघड. वाढत्या हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढपट्ट्या इतक्या तेजस्वी उजळतात की शेजारची छोटी सक्रिय जागा त्यात हरवून जाते. मुलं अर्धा तास स्थिर राहत नाहीत, गुंगी देणं धोक्याचं, आणि पुढचं अख्खं आयुष्य समोर असल्यामुळे किरणांचा हिशेब प्रौढांपेक्षा कडक. यातल्या निदान दोन अडचणींवर नवी यंत्रं मदत करू शकतील. २०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने डोक्यापासून पायापर्यंत सगळं शरीर एकाच वेळी टिपणाऱ्या पेट यंत्रातून माणसाची पहिली चित्रं घेतली. त्याचं शोधकांचं कडं जवळजवळ दोन मीटर लांब आहे. शरीराबाहेर सुटणारे कण ते इतक्या मोठ्या प्रमाणावर पकडतं की फ्लोराइडची मात्रा बरीच कमी ठेवता येते, किंवा अर्ध्या तासाचं काम एकदोन मिनिटांत आटोपतं. वाढपट्ट्यांचा झगमगाट मात्र त्याने कमी होत नाही. त्यासाठी त्याच मुलाच्या दोन स्कॅनमधला फरक वाचायला शिकावं लागेल, आणि मधल्या काळात मूल वाढलेलं असणार हेही त्या हिशेबात धरावं लागेल.